अंग चोरून

यादीत तो शब्द सापडला
'चिंता' आणि 'शोक' यांच्या मधे,
भरलेल्या बाकावर अंग चोरून बसलेला:
आत्मसन्मान.
शेजारी चौकोन. खूण करा.
मी केली, पुसली, परत केली.
रात्रीचे साडेअकरा. पुन्ता अरेनासचा वारा
पत्रा धरून हलवत होता,
उधारी वसूल करायला आल्यासारखा.

मग चेहरे आले. बेचाळीस.
सगळे हसरे, सगळ्यांच्या मागे कुंडीत एकेक हिरवं झाड.
ही फार हुशार दिसते, कंटाळेल मला.
ह्याच्याकडे खरी दुःखं असलेले लोक जात असतील,
त्यांची वेळ मी कशाला खाऊ?
माझं म्हणजे काय, कुणी मेलं नाही, कुणी मारलं नाही.
आमच्या घरी फक्त कौतुक मिठासारखं वापरायचे,
चिमटीने,
आणि तेही पाहुण्यांच्या ताटात.

शेवटी इलियाना वेरा निवडली, वाल्दिवियाची,
कारण तिच्या मागचं शेल्फ एका बाजूला कललेलं होतं
आणि तिला ते माहीत नसावं.
(माहीत असूनही तिने फोटो तसाच ठेवला असेल,
हे मला फार नंतर सुचलं.)

अर्जात विचारलं होतं, स्वतःला दहापैकी किती द्याल?
चार लिहिलं.
मग वाटलं, चार म्हणजे जरा शेखीच झाली.
तीन केलं.

दिवसभर मी चष्म्याच्या काचा घासते.
माणसं बाहेर नवा चष्मा लावतात, रस्त्यापलीकडची पाटी
मोठ्यांदा वाचून दाखवतात, जणू आत्ताच अक्षरओळख झाली,
आणि मालकाचा हात हातात घेऊन हलवत राहतात.
मला आतल्या खोलीत ऐकू येतं सगळं.
यंत्र बंद केलं तर.

गुरुवारी सात वाजता पडद्यावर दोन बायका:
मोठ्या चौकोनात ती,
कोपऱ्यात नखाएवढ्या चौकोनात मी.
आणि माझे डोळे सारखे त्या नखाकडे,
ही हनुवटी, हे केस, हे असं मान डोलावणं.
शेवटी खिशात एका फ्रेमवरची किमतीची पट्टी सापडली,
ती लावली माझ्या तोंडावर.
छत्तीस हजार नऊशे नव्वद पेसो.
तेव्हा कुठे बोलता आलं.

मधेच ती गोठली. ओठ अर्धवट उघडे, एक डोळा मिटलेला.
दोन मिनिटांनी परत आली.
माफ करा, मी म्हटलं.
"इंटरनेट माझं गेलं होतं, नोल्फा."
हो. माफ करा.
ती हसली नाही, ह्याचे मी तिला पैसे दिले असते
वेगळे.
नुसती वहीत बघत म्हणाली,
"आजची ही अकरावी. पहिली तर
नमस्काराच्याही आधीची आहे."

त्या रात्री झोप नाही. हिशेब करत पडले.
दारातून, लिफ्टमधून, लग्नाच्या फोटोंतून,
बहिणीच्या जेवणाच्या टेबलाशी,
त्रेपन्न वर्षं मी माझंच अंग चोरत आले.
एवढी चोरी, आणि मुद्देमाल?
कुठल्या कपाटात, कुणाच्या नावावर?
कुणी तक्रारही केली नाही कधी.

शनिवारी वारा इतका की चौकात दोर बांधले होते,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
मी दोर धरला. समोरून एक धिप्पाड माणूस
मागे बघत आला, आणि त्याचा बूट
आख्खा माझ्या पावलावर.

"माफ," मी म्हणाले.

पुढचं 'करा' वाऱ्याने नेलं असेल,
किंवा मी म्हटलंच नाही.
तो थांबून बघत होता माझ्याकडे, काहीतरी राहिल्यासारखा.
मीही दोर सोडला नाही.

गुरुवारी तिला विचारायचंय
अर्धी कशी मोजायची.