हद्द

पाचगावच्या माळावर
शिकलगार रो-हाऊस दाखवत होता.
किल्लीला लाल लोकरीचा गोंडा,
पायऱ्यांवर अजून सिमेंटचे शिंतोडे.
"वहिनी, पाणी दिवसाआड. पण येतंय."
त्या 'पण'पाशी हे थबकले.
मी न्हाणीघरात शिरले
आणि कडी लावून बघितली,
आतून.
लागली.

हेरल्याला माहेरी
न्हाणीला पोत्याचं दार होतं
आणि अंगणात सहा माणसं.
"झालं का गं? किती वेळ?"
अंगावरून ओतलेला तांब्यासुद्धा मोजलेला.
बारावीचा निकाल मला कळायच्या आधी
डेअरीच्या रांगेत कळला होता,
कुठला विषय राहिला त्यासकट.

हे राजारामपुरीच्या आठव्या गल्लीतले.
दोन खोल्या, खाली भांड्यांचं दुकान,
दिवसभर नावं घालायच्या मशीनची टरटर.
ह्यांना वाटतं, गावाकडं हवा असते.
असते की.
गुऱ्हाळाच्या धुराची, शेणाची,
आणि कुणाच्या सुनेनं काल ताटावरनं उठून
दार आपटलं, त्याची.

माझ्या वाटणीला नऊ गुंठे आलेत.
भावानं न भांडता दिले,
म्हणून जास्तच जड.
विहिरीला लागून, बांधावर एक रामफळ.
ते विकले तर रो-हाऊस.
नाही विकले तर ह्यांच्या वहीतलं घर:
ओटा, झोपाळा, कोपऱ्यात म्हैस.
म्हशीला शेपूट काढायचं राहिलंय.
मी म्हटलं, "धार कोण काढणार?"
पेन्सिल थांबली.
"शिकीन की."

एकावन्नाव्या वर्षी.
शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं
रस ओतलेला माणूस.
हाताला भट्टीची सवय,
म्हशीच्या लहरीची नाही.

त्या रात्री गंगावेशीत दूध प्यायला गेलो.
स्कुटरींच्या रांगेत म्हैस उभी,
हेडलाइट डोळ्यांवर घेऊन रवंथ करत,
जणू गाव तिच्यापाशी आलंय आणि शहरही,
आणि तिला दोन्हींचं काही पडलेलं नाही.
ह्यांच्या मिशीला फेस.
एकदम मालकाला म्हणाले, "मी बघू का काढून?"
तो हसला. "बसा की सायेब."

बसले. पँट वर ओढून, श्वास धरून.
म्हशीनं मान वळवून एकदा बघितलं
आणि पान्हा चोरला.
दोन मिनिटं, तीन.
मागची पोरं मोबाईल काढायला लागली,
तेव्हा मी पदर खोचला,
म्हटलं, "उठा."

तेहेतीस वर्षांनी.
अंगठा आत कसा दुमडायचा
हे मला आठवत नव्हतं,
त्याला आठवत होतं.
चरवीच्या तळाला पहिली धार वाजली
आणि मला हातांचा राग आला.
विचारलं होतं का मला?

परतताना हे गप्प.
रंकाळ्याच्या वळणावर म्हणाले,
"तुला नकोय ना तिकडं? नको तर नको."
मी उत्तर दिलं नाही.
ओढणीला हात पुसत राहिले, वास जाईना.

रविवारी शिकलगारला किल्ली परत केली.
तो म्हणाला, "वहिनी, हेरल्यातबी प्लॉट पडायलेत.
पाचेक वर्षांत हद्द तुमच्या विहिरीपतोर येतीय बघा.
मग काय करशीला?"
खरंच काय करणार, माहीत नाही.

भावाला फोन लावला.
म्हटलं, सुतार बघून ठेव.
ओटा नंतर, झोपाळा नंतर,
म्हैस तर आणखी नंतर, ह्यांचं शेपूट काढून झाल्यावर.
आधी न्हाणी.
विटांची, सागवानी दाराची, कडी आतून.
तो "बरं" म्हणाला. हसला असावा.

फोन ठेवेपर्यंत डेअरीच्या रांगेत कळलं असणार
की ही परत येतीय, आणि आधी न्हाणी बांधतीय,
आणि कुणीतरी किटली पुढं सरकवत विचारलं असणार,
कडी कसली, पितळी का लोखंडी?