निव्वळ निळें

चावडीवर, बसस्टँडसमोरच्या आमच्या स्टुडिओत
शेवंती पागीने मोबाईल पुढे केला.
"फाटलें सगळें काड. निळें कर, निव्वळ निळें."
गुरुवारी वर्षाचं. पेपरात दोन कॉलम, रंगीत.

फोटो नारळी पुनवेचा. पट्ट्यांचा शर्ट घालून
कुष्टा हसतोय, एक डोळा उन्हाने मिटलेला.
मागे तळपणचा किनारा, आणि किनाऱ्यावर काय नाही:
वाळत घातलेली रांपण, तिच्यात अडकलेलं शेवाळ,
माडांच्या झावळ्या, तीन कुत्री, निळा आइसबॉक्स,
कुणाची तरी पाठ, कुणाचा अर्धा पाय,
आणि कुष्टाच्या उजव्या खांद्यावर
चौकटीबाहेरून आलेला एक हात.
मनगटात तांब्याचं कडं.

"हो हात पयलीं काड," ती म्हणाली.
मी विचारलं नाही. काणकोणात विचारावं लागत नाही:
दोघे भाऊ, एक रांपण, वाट्यावरून कोर्ट.

आधी मशीनवरच सोडून पाहिलं. एक बटण.
मशीनला वाटलं माड त्याच्या डोक्यातून उगवलाय.
झावळ्या ठेवल्या, कान कापला.
मग पेन टूल. चारशे टक्के.
एवढ्या जवळून माणूस माणूस राहत नाही,
तांबूस, तपकिरी चौकोन शेजारी शेजारी,
त्यातला कुठला कुष्टाचा, कुठला वाळूचा
ते मी ठरवायचं, महिना अकरा हजारांवर.

केस कुरळे, खाऱ्या वाऱ्याने सुटलेले.
प्रत्येक बटेमागे जाळं,
जाळ्याच्या प्रत्येक घरात आभाळ,
आभाळात पुन्हा एक केस.
दोरा आणि केस एकाच जाडीचे.
काही केस मी समुद्राला देऊन टाकले असतील,
काही दोरे अजून त्याच्या डोक्यावर असतील.
दुपारी दोनदा करंट गेला. यूपीएस कोकलला.
चहा निवला तसाच प्यालो.

हात काढायला शर्टाच्या डाव्या बाजूच्या पट्ट्या
उचलल्या, उलट्या केल्या, उजवीकडे चिकटवल्या.
बोटं गेली. कडं गेलं.
पण बोटांनी दाबलेल्या कापडाच्या चुण्या,
चार, आणि अंगठ्याची वेगळी,
पार कॉलरपर्यंत ओढत गेलेल्या,
त्यांच्यावर टूल फिरवलं की खांदाच सपाट व्हायचा,
कापडवाल्याच्या शोकेसमधल्या पुतळ्यासारखा.
तीनदा केलं. तीनदा अनडू.
मग राहू दिल्या.

संध्याकाळी ती आली, रिकामी पाटली दाराबाहेर ठेवून.
स्क्रीनजवळ वाकली. निळं आवडलं.
मग बोट नेलं खांद्याकडे, काचेला न लावता.
"शर्टाक हें कितें?"
"इस्त्री नासतली," मी म्हटलं.
"इस्त्री हांवेंच केल्ली."

पंख्याचा आवाज तेवढा.
दीडशे मोजून दिले, ओलसर नोटा,
"आसूं दी," म्हणाली, आणि पाटली डोक्यावर घेऊन
पैंगिणीची बस पकडायला धावली.

फाईल बंद करताना खालचा लेयर दिसला:
रांपण, शेवाळ, कुत्री, आइसबॉक्स,
मधोमध कुष्टाएवढं भोक, पांढऱ्या-करड्या चौकटींचं,
आणि काठावर तो हात,
कडं घातलेला,
कशावर तरी नीट टेकलेला.

सेव्ह करू का, विचारलं मशीनने.
हो म्हटलं.