हयातीचा दाखला

बर्बेऱ्याहून हिद्दच्या धक्क्यापर्यंत
सहा दिवस लागतात, वारा बरा असला तर.
आदेशाचं कलम सात म्हणतं:
सहीपासून बहात्तर तास.
म्हणजे ओमानच्या किनाऱ्याला वळसा घालताना
कुठेतरी, रात्री, कागद मरतो.
मेंढ्या रवंथ करत राहतात.

आज गुदैबियात समितीची बैठक.
मला मागच्या खुर्चीवर बसवलंय, मांडीवर फाइल.
हाताचा फिनेलचा वास दोनदा धुऊनही गेला नाही.
उपसचिव बोलतात. आवाजाला इस्त्री.
राजपत्रात छापलंय. मंत्र्यांच्या अधिकारातच आहे.
इतर देशांतही असंच असतं.

बदरीया अल-सम्माक चष्मा कपाळावर ढकलतात.
मुहर्रकच्या मासेबाजारात, बापाच्या गाळ्यावर वाढलेली बाई.
बहात्तरच का? त्या विचारतात.
सत्तर का नाही? शंभर का नाही?
मोजलं कुणी?

उपसचिव मागे वळतात. माझ्याकडे.

मला माहीत आहे कुठून आले ते तास.
विमानानं येणाऱ्या घोड्यांच्या नियमातली
एक ओळ उचलली, तशीच डकवली.
मसुद्याच्या समासात मी पेन्सिलनं लिहिलं होतं:
जहाज?
एवढंच. प्रश्नचिन्हासकट.
कुणीतरी ते पुसलं, फार नीट, कागदाला चरा न पाडता.

बाबा उदगीरला असतात.
झेडपीच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते.
दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन
आपण जिवंत आहोत असं लिहून देतात.
तो कागद वर्षभर चालतो.
एका वर्षी साहेब रजेवर, सही झाली नाही,
तर बाबा तीन दिवस नव्हतेच.
फोनवर म्हणाले, भूक मात्र लागत होती गं.

मी उभी राहते. माझं अरबी गोठ्यातलं,
निम्मं सोमाली खलाशांकडून उचललेलं, व्याकरण लंगडं.
सांगते, दाखला मी नंतर वाचते.
आधी खालची पापणी अंगठ्यानं ओढते.
आतलं पटल गुलाबी असलं तर जनावर पुढे,
पांढुरकं असलं तर बाजूला.
तीन सेकंद लागतात.

पटलाला अरबीत काय म्हणतात, आठवेना.
(सभागृहात नियम ठेवतात तेही
आमच्याकडे पटलच. पण ते कुणाला सांगू?)
मग माझीच पापणी ओढून दाखवली,
अख्ख्या समितीला, अंगठ्यानं, तशीच.
लेखनिकानं लिहिणं थांबवलं.
उपसचिव पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचू लागले.

गेल्या महिन्यात, म्हटलं, नऊशे चाळीस मेंढ्या
बंदराबाहेर उभ्या होत्या, नवा कागद येईपर्यंत.
अकरा दिवस. जुलै.
पहिल्या दिवशी पापण्या गुलाबी होत्या.
अकराव्या दिवसाचं फाइलमध्ये आहे,
पान चौदा.
वाचू का?

अध्यक्ष म्हणाले, वेळ झाली.
आदेश पुढच्या सत्रात मागवू, मंत्र्यांचं म्हणणं ऐकू,
तोवर कलम सात आहे तसंच.
फोनवर धक्क्यावरच्या पोराचा निरोप:
पहाटे चारला एक जहाज लागतंय. कागद परवाच संपलाय.

जिन्यात बदरीयाबाई गाठतात.
माझ्या तोंडाकडे बघतात, मासा बघावा तसं, कल्ल्याशी.
"डॉक्टर, तुमचीच पापणी फिकी होती.
खजूर खात जा.
आणि ते पान चौदा
मला आज द्या. उद्या नको."