वारा गाळताना

अंगणाला भिंत हवी, असं आधी मीच म्हणाले होते.
भावाने, ह्याल्मरने, एप्रिलात फळ्या ठोकल्या,
पुरुषभर उंच, डांबर फासून, एकही फट न ठेवता.
वारा आला, क्षणभर थबकला,
आणि भिंतीवरून उडी मारून
नेमका रुबार्बच्या वाफ्यात उतरला.
सकाळी पानं अशी आडवी,
जणू रात्री कुणी त्यांच्यावर झोपून गेलं.

दुसऱ्या वेळी तर भिंतच निजली, मेंढ्यांच्या बाजूला.
ह्याल्मर काही बोलला नाही.
हातोडी उचलून गेला,
आणि महिनाभर फिरकला नाही.

फेरो बेटांवर झाड म्हणजे उसनवारीची गोष्ट.
दोन दगडांच्या आडोशाला रोवनचं एक रोप तगलं
तरी लोक रस्त्यात थांबवून विचारतात,
कसं आहे आता?
आजाऱ्याची चौकशी करावी तसं.

खालच्या वळणावर त्रोन्दूर राहतो.
चाळीस वर्षं जाळी विणली, आता बोटं पुरती मिटत नाहीत.
फळ्यांचा ढीग बघत तो बराच वेळ उभा राहिला.
"वाऱ्याला नाही म्हणू नये, बाई.
कॉफीसारखं गाळावं त्याला."
संध्याकाळी ढकलगाडीवरून जाळं आणून टाकलं,
हिरवट, मिठाने ताठरलेलं,
एका जागी सीलने फाडलेलं.
फाटलेलं मी शिवणार होते, तर म्हणाला, राहू दे.
अर्धा अडला तरी पुष्कळ.

मग माझेच हात शिवशिवायला लागले.
किनाऱ्यावरून चार पोती शेवाळ आणलं,
पावसाने त्यातलं मीठ धुऊन नेईपर्यंत कोपऱ्यात ठेवलं
(तेवढे दिवस सोल्वाने तिच्या खिडक्या लावून घेतल्या),
मग बटाट्यांना पांघरलं.
रोवनच्या पायाशी एक काळा दगड सरकवला.
मिळेल तेवढं ऊन तो दिवसा गिळतो
आणि रात्री, कुणी बघत नसताना, परत करतो.
आईच्या पातेल्याचा तळ गेला होता, त्यात कांद्याची पात लावली;
तळ नाही तेच बरं, पाणी साचत नाही.
गोगलगायींचं मात्र अजून जमलेलं नाही.
त्यांच्यासाठी बशीत बिअर ठेवली होती,
ती मेंढी पिऊन गेली.

आणि बाक.
तो उत्तरेच्या भिंतीला होता, मला आठवतं तेव्हापासून.
त्यावर कधी कुणी बसलं नाही, बादल्या बसायच्या.
एका दुपारी मी तो एकटीने ओढला,
घराला वळसा घालून अकरा पावलं, दक्षिणेला.
ना खिळा, ना पैसा.
तिथे जाळ्यातून वारा येतो तो मांजरासारखा,
पायाला अंग घासतो
आणि आपल्या वाटेने जातो.

जूनमध्ये ह्याल्मर आला, फळ्या न्यायला म्हणून.
रात्रीचे साडेदहा, आणि उजेड अजून घरी गेला नव्हता.
बाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मग बसला.
घराचे कागद तसेच पडून आहेत, दोघांच्या नावावर,
आई गेल्यापासून त्या विषयाला
आम्ही दोघांनी मिळून डांबर फासलेलं.
त्याने जाळ्याची एक गाठ बोटाने ओढून पाहिली.
"इथे सैल आहे."
"असू दे," मी म्हटलं.

तासाभरात चार-पाच वाक्यं झाली असतील,
तीही मेंढ्यांबद्दल, बोटीच्या इंजिनाबद्दल,
आईच्या त्या पातेल्याबद्दल एक.
बाकीचं मधल्या फटींतून गेलं, इकडून तिकडे,
काही न पाडता.

उठताना फळ्यांना पाय लावून म्हणाला,
यांचे वाफ्याला काठ करू, शनिवारी येतो.
"डांबर आहे रे त्यांना. भाजीला नकोत."

तो थोडा वेळ थांबला.
"मग फुलं लाव," म्हणाला.