मूठ

धायबर काका, आधी मूठ सैल सोडा.
सुईचं नंतर बघू.

फाइलमध्ये लिहिलंय: वय बासष्ट, उजवं मनगट,
गाठ हाडात उतरलेली, हात कोपराच्या वरून.
फाइलमध्ये हे नाही
की मकरपुऱ्याच्या शेडमध्ये अडतीस वर्षं
या बोटांनी लेथ चालवला,
आणि काल राउंडला तुम्ही डाव्या चिमटीत
नुसती हवा धरून मला दाखवलीत:
"बेन, हा एक दोरा. सुताचा आठवा हिस्सा.
आमचं सगळं आयुष्य एवढ्यात."

माझंही एवढ्यातच, काका.
हा पडदा बघा. काळा गोल उडतोय ती धमनी.
तिच्या कुशीला पोळ्याच्या तुकड्यासारख्या दिसतात
त्या तुमच्या नसा,
हाताच्या सगळ्या बातम्या इथूनच वर जातात.
खाली चमकते ती रेघ, तिच्यापलीकडे श्वास.
तिला शिवायचं नाही.
दोन-तीन दोऱ्यांची जागा आहे मला.

मूठ.
पाच महिने आवळलेली, ठाऊक आहे.
पण पादऱ्याच्या जशोदाबेन होत्या,
दुखण्याने पायाची बोटं आखडलेली.
तशीच गेली, घाईत, पाय गेला तेव्हा.
नंतर दर भेटीला मला म्हणायच्या,
जरा सरळ करून द्या ना.
कुठून करून देणार होते मी?

थोडं औषध सोडते. थांबू.
बाहेर नलूकाकू सेव-उसळीचा डबा घेऊन बसल्यात,
उपाशी ठेवायचं असतं हे चार जणांनी सांगूनही.

ऊब आली? आता मुंग्या.
आता करंगळी.
तिच्यामागून बाकीची, एकेक,
कुलूप गंजलं असलं तरी किल्ली ओळखतं तशी.
तळव्यात नखांच्या चार खुणा.
मी त्या अंगठ्याने पुसायला बघितलं. पुसल्या नाहीत.

हात उताणा ठेवला पाटीवर.
"आता कुठाय हात?"
डोळे मिटून म्हणालात,
"हलका झालाय. पण आहे."
मग राहिलेलं औषध दिलं,
काखेपाशी आणखी एक लहान सुई,
तिथली नस वेगळ्या घरची असते, सांगितल्याशिवाय ऐकत नाही.

तिसरा दिवस.
गळपट्टीच्या हाडामागे बारीक नळी, वर चिकटपट्टी,
थेंबथेंब अजून चालू.
बाही दुमडून पिन लावलेली, काकूंनीच.
मी घाबरतच विचारलं.
"उघडाच आहे, बेन," काका म्हणाले.
"जरा खाजतो, एवढंच."

कुठे?

त्यांनी डाव्या हाताने गादीवरची
एक जागा दाखवली.
चादरीवर तिथे काहीच नव्हतं.

मी वाकून खाजवलं.
"थोडं खाली," ते म्हणाले.
"हां. एक दोरा."