समोरासमोर

माझे वडील तुल्लिओ, वनरक्षक.
एकतीस वर्षं मायेल्लाच्या उतारांवर
त्यांनी पावत्या फाडल्या:
चोरून तोडलेलं लाकूड, मोकाट सोडलेली कुत्री,
विझवायच्या राहून गेलेल्या शेकोट्या,
आणि सगळ्यात जास्त
जेंत्सियानाची मुळं खणणारी माणसं.
पहिलं पिवळं फूल यायलाच
ते रोप दहा वर्षं घेतं,
मग आपण कोण घाई करणारे, असं म्हणत
आणि दंडाची रक्कम अक्षरी लिहीत.

रविवारी जेवण आजोबांकडे.
कोकराचं मटण, मग चीज, मग पुन्हा मटण,
मग रस्सा पुसायला पाव.
टेबलावरचा चुरा तळहातानं गोळा करून
एवान्द्रो आजोबा फडताळातून
बिनलेबलाची बाटली काढत.
वाळल्या गवताचा रंग. अंगठ्याएवढे पेले.
"जिरायला," म्हणत.

वडील पेला उजेडाकडे धरत.
"कुठलं?"
"दुकानातलं."
"कुठल्या दुकानातलं?"
"वर आहे. पहाटे उघडतं."
आई उठून भांडी विसळायला जाई,
गरज नसताना नळ मोठा सोडी.
वडील एका घोटात संपवत.
चेहरा आवळला जाई, कान मागे सरकत,
जिभेच्या मुळाशी माती, मुळं, जुनं लोखंड,
आणि मग पोटात कुठेतरी
एक दार हळूच उघडे.
कायदा गिळून झाला की
थोडा वेळ कुणीच काही बोलत नसे.

मी नऊ वर्षांची असताना
आजोबांनी मला एकदा बरोबर नेलं.
"आईला सांग, अळंब्या."
वरच्या कुरणात दोन रोपं दाखवली,
दोघांची पानं रुंद, शिरा सरळ, उंची तीच.
"नीट बघ. हिची पानं समोरासमोर बसलीत,
जेवायला बसल्यासारखी. ही आपली.
तिची एकाआड एक, तोंड फिरवून.
ती पोटात गेली की माणूस उठत नाही.
फुलं नसताना एवढीच खूण."
मग गुडघे टेकले,
मुळाचा अर्धाच भाग कापून घेतला,
अर्धा तसाच आत ठेवला,
खड्डा बुजवला, वर गवताचं ढेकूळ बसवलं,
आणि ते थोपटत राहिले,
जरा जास्तच वेळ.

आजोबा फेब्रुवारीत गेले.
बर्फामुळे पाद्री उशिरा आला,
तोवर लोकांनी शेवटची बाटली रिकामी केली होती.

त्या रात्री वडिलांनी बूट काढता काढता सांगितलं:
"माझ्या डायरीत वरच्या कुरणाचं पान कोरं आहे.
बुजवलेला खड्डा मला दिसत नाही असं
म्हाताऱ्याला वाटायचं.
गवताचं ढेकूळ तो नेहमी उलटं बसवायचा,
कोवळी बाजू दरीकडे.
नव्या पोरांना मी सांगून ठेवलं होतं
की तिकडे विषारी साप आहेत."
एक बूट हातात धरून बसले.
"लग्नानंतर वाटायचं, एक दिवस याची जिरवावी.
माझीच जिरत गेली,
दर रविवारी, अंगठ्याएवढी."

आता ते निवृत्त आहेत.
मागच्या अंगणात सहा रोपं लावलीत,
बियाणं विकत घेतलेलं,
दोन शिक्क्यांचं परवानापत्र फ्रिजवर चिकटवलंय.
सात वर्षं झाली, फूल नाही.
मूळ खणायचा विषयही कुणी काढत नाही.
रोज सकाळी वाकून पानं मोजतात,
समोरासमोर आहेत ना, पुन्हा एकदा.

परवा रविवारी सुपरमार्केटची बाटली आणली.
लेबलावर सोनेरी डोंगर, आत तपकिरी, गोडसर.
"कडू नाही हे," वडील म्हणाले,
"कडूचं नाटक आहे."
तरी पेला उजेडाकडे धरला.
समोरची खुर्ची आम्ही अजून हलवलेली नाही.
मी विचारलं, "कुठलं?"
"दुकानातलं,"
ते म्हणाले,
आणि ते खरं होतं.

आई उठली,
नळ मोठा सोडला.