शून्य ते चार

यानिनाच्या वर, जिथे डोंगर सपाट व्हायचं विसरतो,
तिथे आमची पत्र्याची शेड,
शेडला चिकटलेली एक खोली, एक टेबल, एक नळ.
मी पोलिक्सेनी. माझं काम :
पिलाचं आतडं कात्रीने उभं चिरायचं,
आत डोकावायचं
आणि एक आकडा बोलायचा.
शून्य म्हणजे स्वच्छ, गुलाबी, काहीच झालं नाही असं.
चार म्हणजे रक्ताची घट्ट वात, मेणबत्तीएवढी.
मध्ये एक, दोन, तीन.
याहून जास्त बोलायचं नाही.
आर्गिरिस लिहून घेतो.

चौदाव्या दिवशी प्रत्येक पिलाच्या चोचीत
आम्हीच थेंबभर रोग सोडला होता.
सुईच्या टोकावर शेकडो मावतील असे जीव,
कवचातले, धीराचे.
आज विसावा दिवस.

आतड्याच्या शेवटी दोन पिशव्या असतात,
पुढे वाट नसलेल्या.
आमच्याकडे त्यांना आंधळं आतडं म्हणतात.
जीव तिथेच घर करतात.
आणि चाचणीही आंधळी :
कुठलं पिलू कुठल्या कप्प्यातलं
ते मला कळता कामा नये.
कोणाला नुसता मका-सोया,
कोणाला औषध,
कोणाला रिगानीचं तेल, टनाला मोजून इतके ग्रॅम.
ट्रेवर फक्त नंबर.
डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखा न्याय.

पण नाकाला कोण पट्टी बांधणार?

सतरा नंबरची गळपिशवी उघडली
आणि खोलीत आमचा उतार आला.
जुलैची दुपार, तापलेला दगड,
बाबांचा विळा,
गाढवाच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या रिगानीच्या पेंढ्या.
व्यापारी पेंढी नाकाशी नेऊन तोंड वाकडं करायचा,
भाव पाडायला.
बाबा काही बोलायचे नाहीत. पुन्हा बांधायचे.
रात्री त्यांच्या हातचं पाणीसुद्धा कडसर लागायचं.

म्हणजे सतरा नंबर आमचा.

आतडं चिरलं.
दोन होतं.
दोनच होतं, पण दिव्याकडे जरा तिरकं धरलं
तर एकसुद्धा म्हणता आलं असतं.
आर्गिरिसची पेन्सिल थांबलेली.
बाहेर पंखा गरगरत होता.
"किती?"
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मला आकडा उच्चारायला वेळ लागला.

मग मी ड्रॉवरमधून सर्दीचा मलम काढला,
दोन्ही नाकपुड्यांखाली जाडसर थापला.
डोळ्यांना पाणी आलं. उतार गेला. विळा गेला.
गाढवही गेलं.
"दोन," म्हटलं. "पहिल्या सोळांतही
मला वास आला असेल कदाचित. पुन्हा पाहू."
आर्गिरिसने घड्याळाकडे पाहिलं, सुस्कारा टाकला,
आणि पान फाडलं.

संध्याकाळी सातला लखोटा फोडला.
नुसता मका-सोया : सरासरी तीनच्या वर.
औषध : एकाच्या खाली.
रिगानी : दीड, आणि थोडं.
त्यांतलंच एक पिलू, एकेचाळीस नंबर,
माझ्या हातून पूर्ण चार घेऊन गेलं होतं.
तेलवाल्या कंपनीच्या लेफ्तेरिसने फोनवर विचारलं,
ते एक पिलू वगळलं तर?
वगळलं तर ते वगळलेलं पिलू होईल, मी म्हटलं.

दीड म्हणजे जिंकणं नाही.
जीव मेले नाहीत सगळे,
थोडे राहिले, कोपऱ्यात, कमी माजाने.
आणि पिलांनी त्यांची ओळख करून घेतली असेल
पुढच्या खेपेसाठी. असेल.
याला आकडा नाही, म्हणून मी लिहिलं नाही.

घरी हात तीनदा धुतले.
मुलाने टोमॅटो कापून ठेवले होते,
वर चीज, वर तेल,
आणि बरणीतून चिमूट काढून तळव्यावर चोळत म्हणाला,
"आई, ही जुनी झाली गं, वासच येत नाही."

मलम अजून ओठावर होता.
मी म्हटलं,
"थांब जरा. मला येत नाही तोवर काही ठरवू नकोस."